हे काय, पाचच मिनिटं राहिली!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये ऑफिस, घराचं रंगकाम आणि दिवाळी असं सगळं एकदम अंगावर आलं, त्यामुळे इकडे फिरकणं झालंच नाही. आजही लिहिलं नसतं, पण परवा भाच्याचा फोन आला आणि डोकं सरकलं. ते ताळ्यावर यायच्या आत लिहून टाकावं म्हणून बसलोय. नातेवाईक मंडळींपैकी कोणाला यात आपण दिसलो तर राग मानू नये. सगळ्यात जास्त मीच दिसणार आहे.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या मावसबहिणीचा मुलगा. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जाणारा प्राणी. फोनवर म्हणाला, "मामा, या रविवारी हरिहरला चाललोय. पावसात जायचं राहून गेलं. तुझी सॅक दे ना."

"याआधी कुठे गेलायस?"

"कुठेच नाही. हा पहिलाच ट्रेक."

"मग एकदम हरिहर?"

"अरे, त्या पायऱ्या! तू रील नाही बघितलंस?"

बघितलंय बाबा. न बघून सांगतो कोणाला, दर चार दिवसांनी कोणीतरी पाठवतंच. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: हरिहर हा नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या बाजूचा किल्ला. कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या आणि हात धरायला खोबण्या. नाक कातळाला लावून माणूस वर सरकतो. रील तिथे संपतं. त्याच पायऱ्यांनी, तोंड कातळाकडे करून, पायाने खालची पायरी चाचपडत उतरायचंही असतं, ते रीलमध्ये नसतं. सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे त्याच एका जिन्यावर समोरासमोर येतात, तेही नसतं.

मी विचारलं, "आणि अर्ध्यात नाही जमलं तर?"

"लीडर आहेत ना. ते म्हणाले, कोणालाही जमतं. थोडंसंच आहे."

थोडंसंच आहे! या दोन शब्दांवरून मी त्याच्यावर जो ओरडलो तो बिचारा गांगरूनच गेला. त्याला काय माहीत, मामाचं यातलं खातं जुनं आहे ते.

सह्याद्रीत फिरणाऱ्या कोणालाही विचारा, डोंगरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं? घोषणा सोडून दिल्या तर एकच: "हे काय, पाचच मिनिटं राहिली!" खालून कोणी धापा टाकत "किती राहिलं हो?" असं विचारतो आणि वरून उतरणारा अनोळखी माणूससुद्धा तोंड भरून हेच सांगतो. हसत हसत, चांगल्या मनाने. माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य साधं नाही. नवख्या माणसाचं त्याच्याइतकं नुकसान खराब बूटही करत नाहीत, आणि ते बोलणारे आपण, म्हणजे स्वतःला जुनेजाणते म्हणवणारे लोक, त्याला जबाबदार आहोत.

गावकऱ्यांना यातून वगळतो. गुंजवण्याचा एखादा मामा "ह्यो काय, म्होरंच हाय" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो रोज डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन गड चढतो, त्याच्या पायांनी ते खरंच म्होरं असतं. आपल्याला मात्र समोरच्याच्या पायांनी किती लागेल ते नेमकं ठाऊक असतं, आणि तरी आपण पाच म्हणतो.

आता माझं खातं उघडतो.

२००१ सालचा मार्च. मी चोवीस वर्षांचा, राजगड पाच-सहा वेळा झालेला, त्यामुळे गडाचा सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखा मी वागायचो. मावसबहीण वीस वर्षांची. तिने कधी पर्वतीच्या पुढे काही चढलेलं नव्हतं. "दादा, मलाही ने ना" म्हणाली. मावशीने डब्यात गूळपोळ्या दिल्या आणि सांगितलं, "सांभाळून ने रे." (मावशी, तू हे वाचशील तेव्हा तुला बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच कळतील. फोनवर ओरड, पण पूर्ण वाचून मग ओरड.)

एसटीने मार्गासनी, तिथून जीपने गुंजवणे. चालायला लागेपर्यंत साडेदहा वाजले. मार्चमधले साडेदहा. माणशी एक लिटर पाणी. तिच्या पायात कॉलेजचे कॅनव्हासचे बूट. चोरदरवाजाची वाट ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे: आधी उघडी सोंड आणि डोक्यावर ऊन, मग जरा झाडी, मग शेवटी अंगावर येणारा कातळ. चांगल्या चालणाऱ्याला दोन-अडीच तास.

पाऊण तासात तिने विचारलं, "दादा, किती राहिलं?" मी म्हटलं, "हे काय, पाचच मिनिटं." तिला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. पंधरा मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. एक वाजायच्या सुमारास तिचं पाणी संपलं. कातळाच्या खाली तिला उलटी झाली. ती म्हणाली, "माझ्याच्याने नाही होत, आपण परत जाऊ या." मी काय म्हणालो असेन? "वेडी का तू! इथवर आलीस आणि आता परत? वर तळं आहे, देऊळ आहे, सावली आहे. पाच मिनिटं फक्त."

वर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पद्मावतीच्या देवळात ती भिंतीला टेकून पडून राहिली. गूळपोळी मी एकट्यानेच खाल्ली. चारला उतरायला लागलो. तिच्या गुडघ्यांना कापरं भरलं होतं. त्या सोंडेवरच्या घसाऱ्यावर पाय निसटला, तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. अंधार पडला. बॅटरी एकच, ती सॅकच्या तळाशी, आणि सेल उतरलेले. ताक विकून घरी निघालेले एक काका मागून आले. त्यांनी तिचा चांगला हात धरून पायवाट संपेपर्यंत खाली आणलं. त्यांच्या घरी काकूंनी गुळाचा चहा दिला आणि माझ्याकडे असं बघितलं की ते अजून आठवतं.

घरी मी सांगितलं, पाय घसरला. ते खरंच होतं. पण पाय दुपारी एकलाच संपले होते, हे मी कोणाला सांगितलं नाही. ती पुन्हा कधीच डोंगरात आली नाही. आम्ही सगळे म्हणायचो, तिला आवड नाही.

परवा भाच्यावर ओरडून झाल्यावर मी तिला फोन केला. म्हटलं, तुझ्या मुलाला हरिहरला पाठवू नकोस. ती शांतपणे म्हणाली, "दादा, त्या हाताचं काय, तो दीड महिन्यात जुळला. तू सात वेळा पाच मिनिटं म्हणालास. मी मोजत होते. चौथ्यांदा म्हणालास तेव्हा मला वाटायला लागलं, बाकी सगळ्यांना पाचच मिनिटं लागत असणार, माझ्यातच काहीतरी कमी आहे. मग पुढे कोणी कुठेही चला म्हटलं की मी आधीच नाही म्हणायचे."

यावर काय बोलणार? काहीच बोललो नाही.

तर मुद्दा हा. नवख्याला डोंगरात काय कळतं? ढोरवाट कुठली आणि पायवाट कुठली हे कळत नाही. दगडावरचे बाण दिसत नाहीत. ढग बघून पावसाचा अंदाज येत नाही. त्याच्याकडे भरवशाची एकच गोष्ट असते, स्वतःचं शरीर. तहान लागली, दम लागला, गुडघा दुखला, भीती वाटली, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. आणि आपण पहिल्याच दिवशी त्याला तेवढंच खोटं ठरवायला शिकवतो. तुला जे वाटतंय ते चूक, मी सांगतो ते बरोबर. ज्याच्याकडे एकच कंदील आहे त्याचा तोच फुंकायचा आणि वर म्हणायचं, घाबरू नकोस, मी आहे ना!

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत, कारण ते सगळे मी स्वतः वापरलेले आहेत.

पहिला: "अरे, प्रोत्साहन नको का द्यायला?" जरूर द्या. पण "अजून एक तास आहे, तुझी चाल चांगली आहे, दहा मिनिटं बसू आणि मग ठरवू" हेही प्रोत्साहनच आहे. त्यात ठरवायचा हक्क त्याच्याकडे राहतो. पाच मिनिटांत तो काढून घेतलेला असतो.

दुसरा: "आम्ही असेच शिकलो, आम्हाला काय झालं?" आपल्याला काही झालं नाही म्हणून तर आपण इथे गप्पा मारतोय! ज्यांचं मन पहिल्याच दिवशी उठलं ते या गप्पांत नाहीत. माझी बहीण नव्हती. त्यांची मोजदाद कोण करतंय?

तिसरा, हल्लीचा: "ग्रुपबरोबर जातोय, लीडर आहेत." चांगले लीडर आहेत, मी पाहिले आहेत. २०२१ साली राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणून अशा संस्थांना नोंदणी घालून दिली, तेही चांगलंच झालं. पण चाळीस जणांची रांग डोंगरावर कशी चालते ते आठवून बघा. पुढचे दणादणा जातात, झाडाखाली बसून वीस मिनिटं बिस्किटं खातात. सगळ्यात मागचा, ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, तो धापा टाकत तिथे पोचतो आणि पुढचे उठून उभे राहतात, "चला, आला!" म्हणजे ज्याचा दम सगळ्यात कमी त्याच्या वाट्याला विश्रांतीही सगळ्यात कमी. उपाय साधा आहे: सगळ्यात सावकाश चालणारा पुढे आणि बाकीचे त्याच्या चालीने. जो लीडर हे करतो त्याच्याबरोबर खुशाल जा. जो "लवकर आटपा, वर फोटोला गर्दी होईल" म्हणतो त्याला पैसे परत मागा.

आणखी एक नवीन खूळ म्हणजे याद्या. जुलै २०२५ मध्ये महाराजांच्या दुर्गपरंपरेतले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपले आणि तमिळनाडूतला जिंजी. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण लगेच "बारा किल्ले पूर्ण करणार" म्हणून उत्साही मंडळी निघालेली दिसतात. अहो, त्या यादीत होडीत बसून जायचा सिंधुदुर्ग आहे आणि १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला साल्हेरही आहे. ती वारशाची यादी आहे, अभ्यासक्रम नव्हे. तेच कळसूबाईचं. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, म्हणून पहिला ट्रेक तोच! पोहायला शिकायला कोणी थेट समुद्रात उतरत नाही. मग चालायला शिकायला सगळ्यात उंच जागाच का लागते?

मग सुरुवात कुठून करायची? भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, बाकीच्या भाचेकंपनीच्याही उपयोगी पडेल.

पहिला महिना घराजवळची टेकडी. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, त्या झाल्या की वेताळ टेकडी. नाशिककरांना पांडवलेणी, मुंबईकरांना बोरिवलीच्या उद्यानातून कान्हेरीपर्यंतची चाल. महागडे बूट, काठ्या, पाण्याची नळी लावलेली सॅक यातलं काहीही आणायचं नाही. चांगली पकड असलेले साधे बूट पुरतात, फक्त ते पायात रुळलेले हवेत. कोरे बूट घालून डोंगरात जाणाऱ्याला टाचेचे फोड आठवडाभर उपदेश करतात.

मग सिंहगड. हसू नका. रविवारी दुपारी भजी खायला जातो तो सिंहगड नव्हे. हिवाळ्यात, उजाडता उजाडता, आतकरवाडीतून पायी. साधारण पावणेतीन किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढ. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब मांडला होता, तो मैल आणि फुटांत होता, आपल्या मापात असा: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे सिंहगडाला चढाचा एक तास आणि अंतराचा अर्धा, एकूण दीड. हा धडधाकट, न थांबता चालणाऱ्याचा वेळ. नवख्याने सव्वादोन तास धरावेत आणि स्वतःचा खरा वेळ घड्याळ लावून वहीत लिहावा. उतरायचाही लिहावा. चढण दम काढते, पण गुडघे उतारच काढतो, आणि माझ्या बहिणीचा हात उतारावरच मोडला.

असं तीनदा करायचं. तोच गड, तीच वाट. कंटाळा येईल. पण तिसऱ्यांदा तुम्हाला कोणाला "किती राहिलं" असं विचारावं लागणार नाही. तुमचं तुम्हाला माहीत असेल. एवढं कमावलंत की मग लोहगड, मग राजमाची, मग हळूहळू जिथे जायचं तिथे. हरिहर कुठे पळून जात नाही.

आणि यातल्या एका वेळी मुद्दाम अर्ध्यातून परत यायचं. हो, मुद्दाम! निघतानाच परतीची वेळ ठरवायची, म्हणजे नऊ वाजता जिथे असू तिथून मागे. माथा दिसत असला तरी. पाणी अर्धं संपलं की मागे, हाही तसाच नियम. डिसेंबरात पुण्याला सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्याला तुमच्या "पाच मिनिटं"शी काही देणंघेणं नसतं. वर पोचणं कोणीही शिकवतो. मागे फिरणं हे शिकून घ्यावं लागतं, आणि ते सोप्या गडावर शिकलेलं बरं, कारण अवघड गडावर त्याची गरज पडते तेव्हा शिकायला वेळ नसतो.

पावसाबद्दल लिहिलं तर निम्मे मित्र माझ्याशी बोलणं सोडतील, पण लिहितो. पहिला ट्रेक पावसात नको. पावसातला सह्याद्री मलाही वेड लावतो. पण शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही, धुक्यात बाण दिसत नाहीत, आणि जाताना घोट्याइतका असलेला ओढा येताना कमरेइतका होतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ते ट्रेकर नव्हते, सहलीला आले होते. पण पाणी वाढायला किती वेळ लागतो हे त्या बातमीवरून कोणालाही कळावं. नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने धरावेत.

आणि कोणी अडकलंच तर शोधायला कोण जातं? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी, आपापली कामं सोडून, रात्री-अपरात्री, दोर खांद्यावर टाकून. त्यांच्या आधी पायथ्याचे गावकरी. आपल्या "थोडंसंच आहे"ची किंमत बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी मोजतं. २००१ मध्ये ती गुंजवण्याच्या काका-काकूंनी मोजली. त्या चहाचे पैसेसुद्धा त्यांनी घेतले नाहीत.

असो. फार लांबलं. भाच्याने हरिहर रद्द केलं की नाही? केलं, पण दोन दिवस रुसून. सॅक दिली नाही म्हणूनही असेल. :-) पुढच्या रविवारी सकाळी सहाला आम्ही आतकरवाडीत भेटतोय, आणि त्याने कितीही वेळा विचारलं तरी मी खरे आकडे सांगणार आहे.

काल रात्री बहिणीचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "दादा, मीही येऊ का? पण पहिल्या ताकवालीपर्यंतच येईन. तिथून परत."

मी म्हटलं, ये.

रविवारी त्या वाटेवर तुमच्यापैकी कोणी भेटलंच, तर एवढंच करा. ताक पिऊन खाली वळलेली एक बाई दिसली, तर तिला थांबवून वर किती राहिलंय ते सांगू नका.